कोंडीरामचा उंबरा

रस्त्यात कुठे खणलेलं दिसलं की कोंडीराम मुसळे थांबायचा. खड्डा टेलिफोनवाल्यांचा असो की पाण्याच्या नळाचा, आत डोकावल्याशिवाय त्याचा पाय पुढे पडायचा नाही. पुण्यात खड्ड्यात डोकावणारे पुष्कळ आहेत, पण ते वरून एक शेरा मारतात आणि घरी जाऊन वरणभात खातात. कोंडीराम कडेला उकिडवा बसायचा आणि खणणाऱ्याला विचारायचा, "हे असं तिरकं का घ्यायलाव?" खणणारा म्हणायचा, "साहेबाला विचार." मग कोंडीराम साहेबाची वाट बघत बसायचा. त्याची बायको चंपा सगळ्यांना सांगायची, "यांना मिठाला धाडलं की त्या दिवशी भाजी अळणीच खायची."

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकडून तो लग्न झाल्यावर पुण्यात आला. तेव्हा पुण्याला नवं वारं लागलं होतं. परदेशी कंपन्या येत होत्या, संगणकाच्या कंपन्या येत होत्या, आणि तिथे काम करणाऱ्यांना राहायला औंध-बाणेरकडे इमारतींवर इमारती उठत होत्या. कोंडीराम घमेली वाहायचा. पण घमेलं खाली ठेवलं की गवंड्याच्या मागे उभा राहून त्याचा हात बघायचा आणि असं का, तसं का, विचारून त्याचं डोकं खायचा. शेवटी एका गवंड्याने वैतागून थापी त्याच्या हातात दिली. "घे, तूच कर, पण गप्प बस," म्हणाला. असा तो गवंडी झाला.

गवंड्यांच्या बोलीत कोपऱ्याच्या कडेला धार म्हणतात, आणि कोंडीरामची धार बघायला इतर गवंडी हातातलं काम टाकून यायचे. काटकोन तपासायचा गुण्या लावला तर सूतभर फरक निघायचा नाही. त्यातही त्याचा हात उंबऱ्यावर. इतक्या उंचावरच्या फ्लॅटला उंबरा कशाला, असं बिल्डरला वाटायचं. पण घर घेणाऱ्या पोराची आई गावाहून यायची आणि पहिला प्रश्न तोच विचारायची. मग कंत्राटदार कोंडीरामला शोधत फिरायचा. कोंडीरामचा उंबरा म्हणजे सरळ, चौकोनी, कडा अशी की हात फिरवला तर टोचावी. त्याच्यावर कोणी पाय दिला तर कोंडीराम लगेच फडक्याने पुसून घ्यायचा.

तो राहायचा बाणेरच्या पुढे, वीटभट्टी वस्तीत. भट्टी केव्हाच बंद पडली होती, नाव तेवढं उरलं होतं. वस्ती रस्त्याच्या एका बाजूला, मुलांची शाळा आणि पाण्याचा नळ दुसऱ्या बाजूला. रस्ता कसला, नुसते खड्डे. ट्रकसुद्धा तिथून चाचपडत जायचा आणि पोरं त्याच्यासमोरून भांडत, दप्तरं फिरवत पलीकडे जायची. वस्तीने कितीतरी वर्षं मागणी केली, मोर्चे नेले, तेव्हा एकदाचं डांबर पडलं. लोकांनी नगरसेवकाला हार घातला, पेढे वाटले. चांगल्या रस्त्याचं आपल्याकडे इतकं अप्रूप, की तो कोणासाठी चांगला झाला हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस आणि मोटारी आजवर लांबच्या रस्त्याने जायच्या, त्या आता इथून सुटल्या. खड्डे होते तोवर या रस्त्यावर कोणाला साधं खरचटलंही नव्हतं.

कोंडीरामच्या शेजारी मालनबाई राहायची. ती इथलीच, मुळशीकडची. उभं आयुष्य वीटभट्टीवर गेलेलं, तोंडाने तिखट. मुलगा आणि सून कामाला जायची, म्हणून नात नम्रता आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली. एका सकाळी मालनबाई नळावर होती आणि नम्रता शाळेला निघाली. पोरगी कडेला उभी होती, दोन्हीकडे बघत होती, चूक तिची काही म्हणजे काही नव्हती. एक बस दुसऱ्या बसच्या पुढे काढायच्या नादात कडेला घसरली आणि तिच्या पायावरून गेली. जीव वाचला. पायही वाचला, पण आखूड झाला. तेव्हापासून मालनबाई तिला रोज मनगटाला धरून शाळेत न्यायची आणि मनगटाला धरून घरी आणायची. इतकं घट्ट, की पोरीच्या मनगटावर वळ उठायचे.

जवळच एक मोठी सोसायटी होती, चंपा तिथे स्वयंपाकाला जायची. त्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर एका कुत्र्याला स्कूटरचा धक्का लागला. आठवडा उलटायच्या आत तिथे पिवळे-काळे रबरी पट्टे बसले, पाटी लागली, वॉचमनला शिट्टी मिळाली. कुत्र्याचा पाय लवकर बरा झाला हे चांगलंच झालं. वस्तीतली माणसं मात्र एका गतिरोधकासाठी नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन जाऊन थकली. शेवटी त्याचा माणूस म्हणाला, "अहो, कशाला थांबता? तुमच्याकडे गवंडी आहे ना? करून टाका. कोणी विचारलं तर आम्ही आहोत." पुण्यातले निम्मे गतिरोधक असेच जन्माला आले असावेत.

भर रस्त्यात हे काम करायचं कधी, हा प्रश्न कोंडीरामचा मुलगा संतोष याने सोडवला. तो हिंजवडीच्या एका कंपनीत कँटीनवर होता. "बाबा, संडेला मॅच आहे, पाकिस्तानशी. रोडवर कुत्रंसुद्धा नसतंय," तो म्हणाला. आणि खरंच, त्या दुपारी रस्ता रिकामा पडला. घराघरातून टीव्हीचा आवाज येत होता आणि कोंडीराम दोरी ताणून, पाणसळ लावून, गुडघ्यांवर बसून काम करत होता. जो तो आपल्या साइटवरचं उरलेलं सिमेंट, वाळू, खडी घेऊन आला होता. कोंडीरामने आयुष्यात जे सगळ्यात चांगलं केलं होतं तेच केलं: एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, वीतभर उंच, सरळ, चौकोनी आणि दोन्ही बाजूंनी लखलखीत धार. काम संपल्यावर तो लांब जाऊन उभा राहिला आणि त्याला स्वतःचाच हेवा वाटला. चंपाने येऊन दोन्ही टोकांना हळदकुंकू वाहिलं. उंबऱ्याला वाहतात, मग याला का नको?

दोन्ही बाजूंना दगड मांडून तो आठवडाभर वाळू दिला. पुढच्या सोमवारी सकाळी पहिली बस आली, वेगात. तिच्या आतून असा आवाज आला की कपाटातली सगळी भांडी एकदम कोसळली असावीत. दुसरी बस लांबूनच हळू झाली. तिसरी तर जवळजवळ थांबलीच. वस्तीने टाळ्या वाजवल्या. पोरांचा घोळका रस्ता ओलांडून गेला. मालनबाईने मात्र नम्रताचं मनगट सोडलं नाही, पण पलीकडे पोचल्यावर वळून म्हणाली, "कोंडीराम, तुझ्या हातात देव हाय रं." हे ऐकून कोंडीराम दिवसभर जमिनीवरून चालला नाही. पुढे आसपासच्या वस्त्यांमधली माणसं तो उंबरा बघायला यायला लागली. संध्याकाळी पोरं कट्ट्यावर बसायची आणि एखादा फटफटीवाला उडून पडता पडता सावरला की खदाखदा हसायची. कोंडीरामही हसायचा. जोरात येतात, मग अद्दल घडायलाच पाहिजे, असं त्याला वाटायचं.

उन्हाळ्यात लोणी काळभोरला चंपाच्या भाचीचं लग्न होतं. संतोषने जुनी मोटरसायकल घेतली होती, तिच्यावर तो आईला घेऊन गेला. चंपा इतर सगळ्या बायांसारखीच बसायची: साडी, दोन्ही पाय एका बाजूला, एक हात मुलाच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात पिशवी. परत येताना दिवेलागण झाली होती. उंबरा कुठे आहे हे संतोषला ठाऊक होतं, त्याने गाडी हळूही केली. पण मागून एक मोटार हॉर्नवर हॉर्न देत होती, म्हणून तो थोडा कडेला झाला आणि पुढचं चाक तिरकं चढलं. मागचं चाक धारेवर आपटून उडालं. चंपा मागच्या मागे पडली. पिशवीतले लाडू रस्ताभर झाले आणि मोटार बाजूने निघून गेली. घरासमोर, नवऱ्याने केलेल्या उंबऱ्यावर चंपाच्या खुब्याचं हाड मोडलं.

तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. आत सळई घालावी लागणार होती. हाडांच्या वॉर्डात चंपा कण्हत पडली होती आणि कोंडीराम तिच्या पायाशी बसून होता. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी तीच म्हणाली, "आवं, असं भुतावानी नका बसू. जा, काय विचारायचं ते विचारून या."

तिला नवरा पुरता ठाऊक होता. कोंडीराम उठला आणि पुरुषांच्या बाजूच्या पहिल्या खाटेवरच्या माणसाला विचारलं, "तुम्ही कशानं पडलाव?" तो परांचीवरून पडला होता, रंगारी होता. त्याच्या पलीकडचा सायकलवरून गॅसच्या टाक्या पोचवायचा. त्याला टेम्पोने उडवलं होतं. एक हमाल होता. एक म्हातारा रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडला होता. एक पोरगा रिक्षातून बाहेर फेकला गेला होता. बायकांच्या बाजूला चंपासारखीच एक होती, गाडीवर आडवी बसलेली, हडपसरकडच्या कुठल्याशा गतिरोधकावर उडालेली. तिच्या शेजारीही तशीच एक. कोंडीराम दोन दिवस खाटेखाटेशी फिरला. नर्स म्हणाली, "अहो काका, तुम्ही डॉक्टर आहात की पोलीस?"

"नाही हो, गवंडी," कोंडीराम म्हणाला. "मला एक सांगा ताई, मोटारीत बसलेलं माणूस इथं कुठल्या खाटेवर हाय?"

नर्सने वॉर्डावर नजर टाकली आणि थोडा विचार केला. "ते दुसऱ्या दवाखान्यात जातात," ती म्हणाली. मग औषधांचा ट्रे उचलता उचलता म्हणाली, "आणि खरं सांगू का, ते मुळात पडतच नाहीत तेवढे."

हे वाक्य कोंडीरामच्या डोक्यात रुतून बसलं. घरी आल्यावर तो काम सोडून उंबऱ्याच्या कडेला जाऊन बसला. लोकांना वाटलं, बायकोमुळे माणूस खचला. तो बघत होता. मोटार यायची, ढप्प असा आवाज व्हायचा, आतली माणसं किंचित हलायची, कानाला लावलेला फोनसुद्धा खाली यायचा नाही. बस यायची, कुरकुरत चढायची, उतरायची. दूधवाला यायचा आणि त्याच्या किटल्या एकमेकींवर आदळायच्या. सायकलवाला उतरून सायकल उचलून घ्यायचा. कडेवर पोर घेऊन मागे बसलेली बाई लांबूनच नवऱ्याचा शर्ट मुठीत धरायची आणि डोळे मिटायची. धाक मोटारीला दाखवायचा म्हणून त्याने उंबरा बांधला होता, आणि हाडं मोडत होती आपल्याच माणसांची. त्याला चंपाची आठवण होऊन भडभडून आलं. मग तो घरात गेला आणि छिन्नी-हातोडा घेऊन आला.

पहिला घाव बसला न बसला तोच मालनबाई धावत आली.

"आरं कोंडीराम, काय करतुयास ह्ये?"

"फोडायलोय, मावशी. चंपीचं काय झालं बघितलाव ना?"

"बघितलं की. वाईट झालं." मालनबाईने उंबऱ्यावर चक्क बसकण मारली. "आन् माज्या नमीचं काय झालं त्ये तू बघितलंस ना? ह्ये फोडलंस तर उद्या सकाळी त्या बशी पुन्यांदा सुसाट येत्यात. मंग कुणाची पोर, सांग. सांग ना!"

दोघीही खऱ्या होत्या, चंपाही आणि नम्रताही. वस्तीतली आणखी माणसं जमली. कोणी म्हणालं, बाया आडव्या बसतात ही त्यांचीच चूक. कोणी म्हणालं, संतोषला गाडी नीट चालवता येत नाही. मालनबाई सगळ्यांवर ओरडली, पण जागची उठली नाही. कोंडीरामने हातोडा खाली ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत महापालिकेचा एक तरुण इंजिनिअर, श्रीधर नावाचा, पाण्याच्या गळतीसाठी त्या रस्त्यावर आला. त्याची जीप उंबऱ्यावरून गेली, थांबली आणि उलटी मागे आली. श्रीधर उतरला, वाकला, कडेवरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

वस्तीतली सगळी माणसं एकदम दुसरीकडे बघायला लागली. कोंडीराम मात्र पुढे झाला. "मी केलो साहेब."

"काम सुरेख आहे," श्रीधर म्हणाला. "देवघरात शोभलं असतं. रस्त्यावर काय करतंय?"

कोंडीरामला राग आला नाही, कारण राग यायच्या आधी त्याला प्रश्न पडला होता. "मग रस्त्यावर कसं पाहिजे, साहेब?"

श्रीधरने घड्याळाकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि खाली बसला. बोटाने धुळीत एक रेघ काढली: हळूच चढणारी, हळूच उतरणारी, मधे जेमतेम उचललेली. "चाकाला चढू द्यायचं, मग उतरू द्यायचं. तुम्ही त्याला ठेच लावता. उंची चार-पाच बोटं, पण रुंदी बारा फूट."

"बारा फूट?" कोंडीरामला हसू आलं. "त्याला कोण भिणार, साहेब?"

"जो जोरात येईल तो. जोरात येणारा त्याच्यावर उडतो. हळू येणाऱ्याला कळतही नाही." श्रीधर उठला, पँट झटकली. "आणि पांढरे पट्टे ओढा, लांबून दिसायला हवा. मी इथे गळती बघायला आलो होतो. बाकी काही पाहिलं नाही आणि काही बोललो नाही."

जोरात येणाऱ्याला कळतं आणि हळू येणाऱ्याला कळत नाही, हे कोंडीरामला इतकं अजब वाटलं की त्या दिवशी तो जेवायचं विसरला. असं कसं होईल? दगड तोच, मग एकाला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, असं कसं? वस्तीमागच्या मोकळ्या जागेत त्याने माती आणि मुरूम ओढून एक लहान उंबरा केला, आपला नेहमीचा. त्याच्या पुढे दुसरा केला, लांबट, पसरट. मग संतोषला गाडी आणायला सांगितली आणि मागच्या सीटवर, जिथे त्याची आई बसायची तिथे, पाण्याने काठोकाठ भरलेलं घमेलं दोरीने बांधलं.

"बाबा, लोक काय म्हणतील?" संतोष म्हणाला.

"लोक इथून पडले नाहीत. तुझी माय पडली. चालव."

पहिल्या उंबऱ्यावर संतोष कितीही हळू गेला तरी अर्धं पाणी त्याच्या पाठीवर यायचं. दुसऱ्यावरून हळू गेला तर पाणी नुसतं डुचमळायचं. जोरात गेला तर घमेलं रिकामं. कोंडीराम उतार कमी करायचा, वाढवायचा, पुन्हा पाणी भरायचा. संतोषचे कपडे वाळेनात. वस्तीतली माणसं येऊन उभी राहायची आणि सल्ले द्यायची. त्यात घमेल्याऐवजी नगरसेवकाला बसवा, असाही एक होता. कोंडीराम इतका रमला होता की मधेच तो हसायचा, आणि मग चंपा अजून काठी घेऊन चालते हे आठवून गप्प व्हायचा.

शेवटी तो मालनबाईकडे गेला. तिला बाहेर आणलं, दोन्ही उंबरे दाखवले, पाणी दाखवलं. मालनबाईने सगळं लक्ष देऊन पाहिलं.

"पानी सांडत न्हाई, ह्ये खरं," ती म्हणाली. "पर त्या बशीत पानी न्हाई, ड्रायवर हाय. तो थांबला न्हाई तर?"

"थांबल, मावशी. जोरात आला तर उडतोय."

"उडल तवा उडल. माजी नमी कडंला उभी आसंल." तिने पायाने उताराची माती चाचपली. "तुला एवडी खात्री हाय ना? मंग कर तू. पर झाल्यावर पयल्या बशीम्होरं तू हुबा राहा. माजी पोर जितं हुबी होती तितं. बस थांबली तर तुझा उतार खरा. न्हाई तर पुन्यांदा त्यो जुना बांध."

"उभा राहतो," कोंडीराम म्हणाला.

हे चंपाला कळलं तेव्हा ती खूप चिडली. आपण पडलो तेव्हा चिडली नव्हती इतकी चिडली. कोंडीराम ऐकून घेत राहिला. त्याला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण पाण्याने दाखवलेलं बसलाही लागू पडतं का, हे बघितल्याशिवाय त्याला आता चैन पडणार नव्हतं.

पुढची मॅच श्रीलंकेशी होती. श्रीलंकेसाठी पुण्यातले रस्ते तितके रिकामे होत नाहीत, पण चालवून घेतलं. धार छिन्नीने फोडताना कोंडीरामचा हात दोनदा अडखळला. आयुष्यातली सगळ्यात सुरेख धार होती ती. मग काँक्रीट पसरलं, दोन्ही बाजूंना लांबवर निमुळतं केलं, आणि जिथे त्याचा हात सवयीने कोपरा काढायला जायचा तिथे तो स्वतःलाच शिवी देऊन कोपरा पुसून टाकायचा. वाळेपर्यंत एक फुटकं पिंप आणि बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. आपल्याकडे रस्त्यात काही आडवं पडलेलं असलं की ते सरकारीच असणार असं समजून लोक निमूट कडेच्या मातीतून जातात. वाळल्यावर संतोषने नव्या उतारावर पांढरे पट्टे ओढले.

फांद्या काढल्या त्या सकाळी चंपा काठी टेकत बाहेर आली आणि संतोषला म्हणाली, "गाडी काढ."

"नाही," कोंडीराम म्हणाला. "तू नाही बसायचं."

"मीच पडले ना? मग बघायचं कोणी, शेजारणीनं?" दोघांनी धरून तिला बसवलं, आडवीच, पहिल्यासारखी. संतोषचा शर्ट तिने दोन्ही मुठींत धरला आणि डोळे घट्ट मिटले. गाडी पट्ट्यांवर चढली, उतरली आणि थोडी पुढे गेली.

"आला का रे?" चंपाने डोळे मिटूनच विचारलं.

"गेला आई, कधीच."

चंपाने डोळे उघडले आणि मागे वळून पाहिलं. मग तिला रडू यायला लागलं, हसताहसताच.

तेवढ्यात बसची वेळ झाली. कोंडीराम जाऊन उभा राहिला, अपघाताच्या दिवशी नम्रता उभी होती तिथे, काठापासून एक पाऊल रस्त्यात. मालनबाई कडेला होती, नम्रताचं मनगट धरून. लांबून बस आली, पांढरी, काचा बंद असलेली, आणि वेगातच होती. गाडीवरून उतरून कडेला उभ्या असलेल्या चंपाने हाक मारली. कोंडीराम हलला नाही. त्याचं लक्ष चाकांवर होतं. बस मोठी होत गेली आणि त्या क्षणी मालनबाईला ते सहन झालं नाही. तिने नातीला चंपाच्या अंगावर ढकललं, धावत जाऊन कोंडीरामचा दंड धरला आणि त्याला मागे ओढायला लागली. ओढणं जमेना, तेव्हा ती त्याच्या शेजारी तशीच उभी राहिली.

ड्रायव्हरला पट्टे दिसले होते. बसचं नाक खाली गेलं, चाकं करकरली, आणि बस चढावर येऊन, माणसं नुसती पुढे झुकतील इतक्या बेताने, त्यांच्या अलीकडे थांबली.

ड्रायव्हरने खिडकीची काच सरकवली. "अहो काका, गणपतीला अजून वेळ आहे. देखावा आत्ताच मांडलात?"

कोंडीराम वाकून चाकांकडे बघत होता. "तुम्हाला किती लांबून दिसला?" एवढंच त्याने विचारलं, आणि ड्रायव्हर त्याच्याकडे बघतच राहिला.

मालनबाईने दंड सोडला आणि मागे वळून पाहिलं. चंपाजवळ नम्रता उभी होती, दप्तर पाठीवर, शाळेला उशीर झालेला. आजी येऊन मनगट धरेल म्हणून तिने सवयीने हात पुढे केला होता. मालनबाई दोन पावलं तिच्याकडे गेली आणि थांबली.

"जा तू," ती म्हणाली.

"एकटी?"

"एकटीच. जा."

नम्रता थांबलेल्या बसच्या पुढे आली. आखूड पायाने तिला घाई करता यायची नाही, आणि तिने केलीही नाही. बसच्या काचांमधून चांगल्या कपड्यांतली कितीतरी माणसं खाली बघत होती. त्यांना कामावर उशीर होत होता. पोरगी मधोमध पोचली, तिथे जरा थबकली, दोन्हीकडे पाहिलं आणि पलीकडे गेली. शाळेच्या फाटकातून आत शिरेपर्यंत तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

मालनबाईने पदर डोळ्यांना लावला. खूप वेळ लावून ठेवला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. मग तिने तोंड पुसलं आणि बसकडे बघून हात हलवला.

"जा रं बाबा आता," ती म्हणाली. "हळू जा."